पार्नेलच्या पक्षाचा चिटणीस : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात 'होमरूल', म्हणजे एकोणिसाव्या शतकात आयर्लंडने ब्रिटनकडे मागितलेलं स्वराज्य, या शब्दावर एक छोटं टिपण होतं. त्यात आयरिश नॅशनल लीगचे, म्हणजे स्वराज्यवाद्यांचे पुढारी पार्नेल यांच्या पक्षाच्या गावोगावच्या संघटनेचे, चिटणीस टिमथी हॅरिंग्टन यांचा उल्लेख जेमतेम एका ओळीत आला होता. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रं नेमकी त्या ओळीबद्दल विचारणारी निघाली. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत.

प्रश्न : पार्नेल आणि डेव्हिट ऐकून माहीत आहेत. हे हॅरिंग्टन कोण? पक्षाचा चिटणीस म्हणजे पत्रव्यवहार सांभाळणारा कारकूनच ना?
— एक वाचक, महाल

भोसल्यांच्या दरबारात चिटणिसाचं वजन काय होतं, हे महालात राहणाऱ्याला आम्ही सांगायला नको. डब्लिनमधला मामलाही फार वेगळा नव्हता.

हॅरिंग्टन यांचा जन्म १८५१ सालचा. आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्क परगण्यात कॅसलटाउनबेअर नावाचं बंदर आहे, तिथला. ट्रालीला शिक्षकी केली, मग भाऊ एडवर्ड याच्या साथीने 'केरी सेंटिनल' हे वृत्तपत्र चालवलं. तिथून ते जमीनदारांविरुद्धच्या, डेव्हिट यांनी उभारलेल्या लँड लीगच्या संघटनेत शिरले. ऑक्टोबर १८८१ मध्ये सरकारने लँड लीगवर बंदी घातली. वर्षभराने, १७ ऑक्टोबर १८८२ ला, डब्लिनच्या परिषदेत आयरिश नॅशनल लीग उभी राहिली. नव्या संस्थेच्या उद्दिष्टांत स्वराज्य पहिलं आणि जमिनीचा प्रश्न त्यामागे, असा क्रम लावला गेला. सूत्रंही शेतकरी पुढाऱ्यांकडून पार्नेल आणि त्यांच्या खासदारांच्या हाती आली. चिटणीसपद हॅरिंग्टन यांना मिळालं आणि पक्ष फुटेपर्यंत त्यांच्याकडेच राहिलं. फेब्रुवारी १८८३ मध्ये एका भाषणाबद्दल ते मलिंगरच्या तुरुंगात होते. त्याच वेळी वेस्टमीथच्या पोटनिवडणुकीत बिनविरोध निवडून आले. १८८५ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे मार्च १९१० पर्यंत, त्यांनी डब्लिन हार्बर हा मतदारसंघ सोडला नाही.

आता चिटणिसाचं काम. लीगची शाखा बहुधा एका कॅथलिक पॅरिशपुरती, आपल्याकडच्या भाषेत दोन-चार गावांची. रविवारी प्रार्थना आटोपली की बैठक व्हायची. वर्गणी गोळा व्हायची, ठराव व्हायचे, त्यांचा अहवाल डब्लिनला आणि स्थानिक वृत्तपत्राला जायचा. १८८६ पर्यंत अशा शाखा हजारावर गेल्या होत्या. कोणत्या शाखेला मान्यता द्यायची, कुणाला वर्गणीची आठवण करायची, कुठल्या ठरावाला लगाम घालायचा, हे सगळं हॅरिंग्टन यांच्या टेबलावरून व्हायचं.

लगाम घालणं हे सर्वांत कटकटीचं काम. शाखा स्वतःच न्यायालयं होऊन बसत. बेदखल झालेल्या कुळाची जमीन दुसऱ्याने घेतली तर त्याच्यावर बहिष्कार, हा मूळ नियम. पण बांधावरचं भांडण, दुकानदाराशी जुनं वैर, सोयरिकीतला राग असले हिशेबही लोक लीगच्या नावावर चुकते करायला बघत. असा एखादा ठराव छापून आला की इंग्लंडमधल्या विरोधकांच्या हाती आयतंच कोलीत मिळायचं. म्हणून मुख्य कार्यालयाकडून ताकीद जायची, आणि तीही पुरली नाही तर शाखा बरखास्त व्हायची.

दुसरं मोठं काम उमेदवार निवडीचं. प्रत्येक परगण्यात अधिवेशन भरायचं. शाखांचे प्रतिनिधी यायचे, पाद्री मंडळी यायची, आणि अध्यक्षस्थानी डब्लिनहून आलेला एखादा खासदार असायचा. नाव आधी बंद खोलीत ठरायचं, मग सभेपुढे यायचं. उमेदवाराला १८८४ ची प्रतिज्ञा लेखी द्यावी लागे : पार्लमेंटात पक्षाबरोबर बसेन, पक्षाबरोबर वागेन, पक्षाबरोबर मत देईन, मी हे मोडलं असं पक्षाच्या बहुमताला वाटलं तर राजीनामा देईन. आज आपल्याला यात नवल वाटणार नाही. त्या काळच्या ब्रिटिश राजकारणात, जिथे खासदार म्हणजे आपल्या मर्जीचा मालक, तिथे ही शिस्त धक्कादायकच होती. शिवाय खासदारांना तेव्हा पगार नव्हता. वर्षाला ४०० पौंड मिळू लागले ते १९११ मध्ये. गरीब घरच्या आयरिश खासदाराचा लंडनचा खर्च पक्षाच्या निधीतून चालायचा, आणि तो निधी बराचसा अमेरिकेतून यायचा. प्रतिज्ञा पाळली जायची त्यात या खर्चाचाही वाटा होता, हे उघड आहे.

१८८४ च्या मताधिकार कायद्याने आयर्लंडमधले मतदार साधारण सव्वादोन लाखांवरून सात लाखांच्या वर गेले. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत पार्नेलच्या पक्षाला ८६ जागा मिळाल्या, त्यांतली एक चक्क इंग्लंडमधल्या लिव्हरपूलची. हा विजय पार्नेलच्या नावावर जमा आहे, आणि तो असावाही. पण हजार शाखा, त्यांच्या याद्या आणि परगण्यापरगण्यातली अधिवेशनं वेळेवर लागली नसती तर ते नाव कुठे टेकलं असतं?

प्रश्न : 'प्लॅन ऑफ कॅम्पेन' म्हणजे साराबंदीच का? तो प्रत्यक्ष कसा चालायचा आणि शेवटी का फसला?
— एक निवृत्त शिक्षिका, प्रतापनगर

साराबंदी म्हणता येणार नाही. सारा सरकारला जातो, इथे प्रश्न जमीनदाराला द्यायच्या खंडाचा होता. आणि 'बंदी' हा शब्दही पुरता लागू पडत नाही, कारण कुळं पैसे बाहेर काढत होती. ते जात कुणाकडे, यात सगळी मेख होती.

पार्श्वभूमी अशी. १८८१ च्या कायद्याने न्यायालयात खंड ठरवून घेता येत होता, पण तो १५ वर्षांसाठी बांधला जायचा. १८८५-८६ मध्ये लोण्याचे आणि जनावरांचे भाव कोसळले. खंड मात्र जुन्या भावांवर ठरलेला. आठ जून १८८६ ला स्वराज्याचं विधेयक ३४३ विरुद्ध ३१३ मतांनी पडलं, त्यामुळे पार्लमेंटकडून लगेच काही पदरात पडेल ही आशाही उरली नाही. २३ ऑक्टोबर १८८६ च्या 'युनायटेड आयर्लंड' या पक्षाच्या साप्ताहिकात ही योजना छापून आली. पुढारी विल्यम ओब्रायन आणि जॉन डिलन, मजकूर मुख्यतः हॅरिंग्टन यांचा.

एक काल्पनिक आकडा घेऊ. एका इस्टेटीवर प्रत्येक कुळाचा खंड सहामाहीला १० पौंड आहे. सगळी कुळं एकत्र बसतात आणि ठरवतात, यंदाच्या भावात ३० टक्के सूट रास्त आहे. खंडाच्या दिवशी ती गटाने जमीनदाराच्या कारभाऱ्याकडे जातात आणि माणशी ७ पौंड पुढे करतात. त्याने घेतले तर प्रश्न मिटला. नाकारले तर तेच ७ पौंड कुळांनी निवडलेल्या समितीच्या निधीत जमा होतात. पैसा कुणाच्या नावावर आहे हे बाहेर फुटू द्यायचं नाही. त्यानंतर कुणीही एकट्याने जमीनदाराशी बोलणी करायची नाहीत. कुणी बेदखल झाला तर त्याचं घर या निधीतून चालवायचं, आणि त्याची मोकळी झालेली जमीन कुणी घ्यायची नाही. निधी आटला तर लीग हात देईल.

यातली हुशारी पहिल्याच पायरीत आहे. पैसे समितीकडे गेले की कुळाचा कच खाण्याचा रस्ता बंद होतो. घरातल्या मडक्यात ठेवलेले सात पौंड रात्रीतून कारभाऱ्याकडे पोचू शकतात, निधीत गेलेले नाहीत. आणि जमीनदाराला एकेकाला गाठून फोडता येत नाही.

फसलं कुठे? एक तर निधीची जागा. डिसेंबर १८८६ मध्ये गॉलवे परगण्यात लॉखरे इथे डिलन आणि ओब्रायन कुळांकडून रक्कम घेत असतानाच पोलिसांनी त्यांना पकडलं आणि पैसे उचलले. त्याच महिन्यात सरकारने योजनेला बेकायदा कट ठरवलं. पुढच्या वर्षी सरकारचे आयर्लंडसाठीचे मंत्री आर्थर बाल्फोर यांनी कडक कायदा आणला. ज्युरीशिवाय खटले चालू लागले, खासदार तुरुंगात गेले. ९ सप्टेंबर १८८७ ला मिचेल्सटाउनच्या सभेवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि तिघे मेले. एप्रिल १८८८ मध्ये पोपच्या दरबाराने योजना आणि बहिष्कार दोन्ही निषिद्ध ठरवले. ज्या पाद्र्यांच्या आवारात शाखा भरत होत्या त्यांची पंचाईत झाली.

पण आमच्या मते घाव बसला तो हिशेबात. योजना अशा इस्टेटीवर चालायची जिथे जमीनदार स्वतः कर्जात आहे आणि दोन हप्ते खंड चुकला तर वाकतो. म्हणून इस्टेट निवडताना कुळांची चीड जेवढी बघायची तेवढाच जमीनदाराचा खिसा बघायला हवा होता. लॉर्ड क्लॅनरिकार्डसारखा श्रीमंत आणि हट्टी माणूस वर्षानुवर्षं थांबू शकत होता. १८८९ मध्ये तर जमीनदारांनीच हा डाव उलटवला. यॉलजवळची पॉन्सनबी इस्टेट मोडकळीला आली होती. स्मिथ-बॅरी या धनाढ्य जमीनदाराने मंडळी जमवून ती सांभाळली. चिडून ओब्रायन यांनी खुद्द स्मिथ-बॅरींच्याच टिपेरारी गावातल्या भाडेकरूंना बाहेर काढलं आणि शेजारी 'न्यू टिपेरारी' बांधायला घेतली. दुकानं, घरं, बाजार. पैसा पाण्यासारखा गेला, आणि बेदखल कुळांना दरमहा द्यायची मदतही त्याच थैलीतून. पार्नेल सुरुवातीपासून या योजनेपासून दूर होते. डिसेंबर १८८६ मध्येच त्यांनी ओब्रायन यांना ती वाढवू नका असं सांगितलं होतं. ते ऐकायला हवं होतं.

सगळंच वाया गेलं असं मात्र नाही. बऱ्याच जमीनदारांनी गाजावाजा न करता सूट दिली. १८८७ च्या जमीन कायद्याने ठरलेल्या खंडाचा फेरविचारही मान्य केला.

प्रश्न : हॅरिंग्टन वकीलही होते म्हणे. त्यांचा एखादा खटला?
— एक वकील, सिव्हिल लाइन्स

वकिलीची सनद त्यांना १८८७ मध्ये मिळाली आणि पार्नेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांवरच्या आरोपांची चौकशी करणाऱ्या पार्नेल कमिशनपुढे ते बाजू मांडायला उभेही राहिले. पण त्यांचं सर्वांत चिवट काम सनदेच्या आधीचं आहे.

ऑगस्ट १८८२ मध्ये गॉलवेच्या डोंगराळ भागात, मामट्रास्ना इथे, एकाच घरातल्या पाच जणांचा खून झाला. डब्लिनमध्ये खटला चालला. तिघांना फाशी, पाच जणांना जन्मठेप. फाशी गेलेल्यांत माइल्स जॉइस होता. त्याला आयरिशखेरीज भाषा येत नव्हती, आणि कामकाज इंग्रजीतून चाललेलं. त्याच्याबरोबर फासावर जाणाऱ्या दोघांनी तो निर्दोष असल्याचं सांगितलं होतं. तरीही १५ डिसेंबर १८८२ ला गॉलवेत शिक्षा अमलात आली.

१८८४ मध्ये माफीचा साक्षीदार झालेल्या टॉम केसीने चर्चमध्ये आर्चबिशपांपुढे कबुली दिली की आपली साक्ष खोटी होती. हॅरिंग्टन त्या भागात गेले, माणसांना भेटले, जागा पाहिली, जबाब ताडून बघितले आणि सरकारी पक्षाच्या कागदांतल्या विसंगती मांडणारी पुस्तिका काढली. ऑक्टोबरात पार्लमेंटात यावर वादळी चर्चा झाली. फेरचौकशी झाली नाही. आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षांनी माइल्स जॉइसला मरणोत्तर माफी दिली ती एप्रिल २०१८ मध्ये. आरोपीला न कळणाऱ्या भाषेत खटला चालला तर काय होतं, याचं याहून ठसठशीत उदाहरण आम्हाला तरी माहीत नाही.

प्रश्न : होमरूल म्हणजे पूर्ण स्वातंत्र्य का?
— एक विद्यार्थी, रामदासपेठ

नाही. १८८६ च्या विधेयकात डब्लिनला विधिमंडळ होतं, पण राजमुकुट, सैन्य, परराष्ट्र व्यवहार आणि जकात लंडनकडेच राहणार होती. आपल्याकडे १९१६ मध्ये टिळकांनी आणि बेझंटबाईंनी हाच शब्द उचलला. कामाच्या वाटणीत मध्य प्रांत आणि वऱ्हाड टिळकांच्या लीगकडे आले, तेव्हा नागपूरचं होमरूल टिळकांच्या घरचं.

प्रश्न : या आयरिश मंडळींचा नागपूरशी काही संबंध आला का, की ओढून ताणून आणायचा?
— एक वाचक, धरमपेठ

ओढायची गरज नाही. हॅरिंग्टन स्वतः इथे कधी आले नाहीत, पण त्यांच्या गोष्टीतला एक मोठा माणूस नागपुरात राज्य करून गेला.

अँटनी मॅकडॉनेल हे मेयो परगण्यातले आयरिश कॅथलिक सनदी अधिकारी. बंगालच्या १८८५ च्या कूळ कायद्यात त्यांचा हात होता. १८९१ ते १८९३ या काळात ते मध्य प्रांताचे चीफ कमिशनर, म्हणजे मुक्काम नागपूर. डिसेंबर १८९१ मध्ये आनंदाचार्लू यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं सातवं अधिवेशन नागपुरात भरलं ते याच काळात. आणि याच मॅकडॉनेल यांचे सख्खे भाऊ मार्क हे १८९२ पासून आयरिश राष्ट्रवादी पक्षाचे खासदार! एक भाऊ साम्राज्य चालवतोय, दुसरा ते सैल करायला बघतोय. मार्क यांचा मतदारसंघ क्वीन्स काउंटीतला. त्याच परगण्यात लगाकरन नावाची इस्टेट होती, जिथे १८८७ मध्ये प्लॅनवाल्या कुळांना घराबाहेर काढलं गेलं. तिचे मालक लॉर्ड लॅन्सडाउन, तेव्हा कॅनडाचे गव्हर्नर जनरल. ओब्रायन त्यांच्याविरुद्ध सभा घ्यायला थेट कॅनडात गेले होते. १८८८ च्या अखेरीला हेच लॅन्सडाउन भारताचे व्हाइसरॉय झाले आणि नागपूर काँग्रेसच्या वेळीही तेच होते.

आणखी एक नाव आल्फ्रेड वेब. डब्लिनचे, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे मुद्रक, १८९० पासून पक्षाचे खासदार, दादाभाईंचे स्नेही. १८९४ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष हेच.

प्रश्न : पक्ष फुटला तेव्हा चिटणिसांनी कुणाची बाजू घेतली? पुढे त्यांचं काय झालं?
— एक वाचिका, इतवारी

नोव्हेंबर १८९० मध्ये ओशे घटस्फोट खटल्यात पार्नेल यांचे ओशे यांच्या पत्नीशी संबंध असल्याचं सिद्ध झालं. स्वराज्याला पाठिंबा देणारे इंग्लंडच्या लिबरल पक्षाचे पुढारी ग्लॅडस्टन यांनी अंग काढून घेतलं, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पार्लमेंटच्या १५ नंबरच्या खोलीत पक्ष दुभंगला. जस्टिन मॅकार्थी यांच्या मागोमाग बहुमत बाहेर पडलं. त्या वेळी सहा पुढारी निधी गोळा करायला अमेरिकेत होते. पाच जण पार्नेलविरुद्ध गेले, सहावे हॅरिंग्टन पार्नेल यांच्याबरोबर राहिले. ज्या प्रतिज्ञेच्या बळावर त्यांनी पक्ष बांधला, तिच्यानुसार बहुमताचं ऐकायला हवं होतं. पक्षाच्या चिटणिसानेच ते ऐकलं नाही. निष्ठा म्हणावं की विसंगती, दोन्हीला पुरावा आहे. पॅरिसच्या बँकेत ठेवलेला पक्षाचा पैसा विश्वस्तांच्या भांडणात काही वर्षं अडकून पडला. त्याचा मार बेदखल कुळांना बसला.

६ ऑक्टोबर १८९१ ला पार्नेल गेले. १८९२ मध्ये त्यांच्या गटाच्या अवघ्या ९ जागा आल्या, त्यांत हॅरिंग्टन यांची होती. पुढे ते दोन्ही गट जोडायच्या खटपटीत राहिले. जोडणी झाली १९०० मध्ये, जॉन रेडमंड यांच्या नेतृत्वाखाली.

१९०१ पासून तीन वर्षं ते डब्लिनचे लॉर्ड मेयर होते. त्यांच्याच अधिकृत निवासात, मॅन्शन हाउसमध्ये, २० डिसेंबर १९०२ ला जमीन परिषद भरली. कुळांकडून रेडमंड, ओब्रायन, टी. डब्ल्यू. रसेल आणि हॅरिंग्टन. जमीनदारांकडून लॉर्ड डनरेव्हन आणि आणखी तिघे. पंधरवड्यात एकमताचा अहवाल तयार झाला, आणि त्यावरून १९०३ चा विंडम कायदा आला. सरकारच्या बाजूने तो घडवणारे डब्लिनमधले वरिष्ठ अधिकारी म्हणजे आपले जुने चीफ कमिशनर मॅकडॉनेल.

कायद्याचं गणित सोपं आहे. जमिनीची पूर्ण किंमत सरकार जमीनदाराला देणार, वर १२ टक्के बोनस. कुळाने दर १०० पौंडांमागे वर्षाला ३ पौंड ५ शिलिंग फेडायचे, साडेअडुसष्ट वर्षं. ५०० पौंडांच्या शेताला वर्षाला १६ पौंड ५ शिलिंग झाले. हप्ता बहुधा जुन्या खंडाहून कमीच पडायचा, आणि शेवटी सातबारा आपला. इथे जमीनदाराची लंगडी बाजू पाहून त्याला पैशाने सोडवायचं ठरलं. १८८६ च्या योजनेत नेमकं तेच सुटलं होतं.

प्रश्न : हॅरिंग्टन यांच्याबद्दल नागपुरात बसून मुळातून वाचता येईल का?
— एक संशोधक विद्यार्थिनी, अंबाझरी

येईल, आणि खर्चही नाही. ब्रिटिश पार्लमेंटच्या जुन्या चर्चा इंटरनेटवर फुकट आहेत. आयरिश चरित्रकोशही आता खुला आहे. अडचणी येतात त्या नावांत. १८८५ ते १८९२ या काळात सभागृहात दोन हॅरिंग्टन आहेत : 'टी.' म्हणजे आपले डब्लिन हार्बरचे, 'ई.' म्हणजे भाऊ एडवर्ड, वेस्ट केरीचे. आद्याक्षर न बघता उतरवलं की धाकट्याची भाषणं थोरल्याच्या खात्यात जातात. १८८५ च्या आधीची टिमथींची भाषणं हवीत तर मतदारसंघ वेस्टमीथ धरा.

दुसरी गोष्ट गावांची. क्वीन्स काउंटी आज नकाशावर लीश आहे, किंग्ज काउंटी ऑफली, मेरीबरो म्हणजे पोर्टलीश, क्वीन्सटाउन म्हणजे कोव्ह, किंग्जटाउन म्हणजे डन लेअरी. जुनं आणि नवं अशा दोन्ही नावांनी शोधा. 'प्लॅन'संबंधी शोधताना इस्टेटीच्या नावाबरोबर जवळच्या बाजारगावाचं नावही टाका, कारण वृत्तपत्रं बातमी गावाच्या नावानेच देत : क्लॅनरिकार्डसाठी पोर्टम्ना आणि वुडफर्ड, पॉन्सनबीसाठी यॉल.